टक्का कशाचा, ते आधी विचारा



साखर उताऱ्याचा आकडा निघाला की आपला सभासद लगेच कान टवकारतो. उतारा १० वरून ११ वर गेला तर एक जण म्हणतो एक टक्का वाढला, दुसरा म्हणतो दहा टक्के वाढला. दोघंही खरं बोलतात. शंभर किलो उसामागे साखर एक किलो जास्त आली, आणि आधीच्या दहा किलोच्या मानाने ती दहावा हिस्सा जास्त झाली. हा हिशेब गटातला कोणताही शेतकरी आम्हांला बांधावर उभ्या उभ्या समजावून देईल. तोच माणूस वर्तमानपत्रात ‘अमुक खाल्ल्याने तमुक रोगाचा धोका पन्नास टक्क्यांनी वाढतो’ हे वाचतो तेव्हा मात्र हबकून जातो. तो रोग मुळात लाखात दोघांना होत असेल, तर आता तिघांना होईल, एवढाच त्याचा अर्थ. शंभरात वीस जणांना होत असेल तर तीस झाले, आणि मग ते खरोखरच घाबरण्यासारखं आहे. मथळा मात्र दोन्ही वेळा एकच. तेव्हा किती जणांत, किती वर्षांत आणि कोणाच्या, हे विचारल्याशिवाय असल्या टक्क्याला हात लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ऊस विकास खात्याने लागण-खोडवा सोडून या भानगडीत का पडावं, असं कोणी म्हणेल. पण शिवारात फिरताना बेण्याइतकंच बोलणं दुखण्या-खुपण्याचं निघतं, आणि त्यात सरासरीचा घोळ फार असतो.

आयुर्मानाचंच घ्या. १९४१ ते ५१ या दशकात भारतात जन्मणाऱ्याचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. १९७०–७५ मध्ये ते सुमारे ५० झालं, आणि आता ७० च्या घरात आहे. यावर पारावर दोन तट पडतात. एक म्हणतो, पूर्वी माणसं बत्तिशीतच जायची. दुसरा म्हणतो, हा आकडाच खोटा, आमचा पणजा नव्वद वर्षं जगला. दोघांनीही नांग्यांचा विचार केलेला नाही. एकरात उगवण नीट झाली नाही, सरीत जागोजाग नांग्या पडल्या, तर एकरी सरासरी वीस टनांवर येते. याचा अर्थ उभ्या उसाचं वजन कमी भरलं असा नव्हे. जो ऊस उगवला तो चांगला पोसला असेल, पण रिकाम्या जागांनी सरासरी खाली ओढली. माणसांचंही तसंच होतं. १९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १२९ मुलं वर्षाच्या आत दगावत. २०२३ साली हा आकडा २५ वर आला, आणि महाराष्ट्रात १४ वर. लस, बाळंतपण दवाखान्यात, पिण्याचं बरं पाणी, यांनी नांग्या भरून निघाल्या. म्हाताऱ्यांचं आयुष्यही वाढलं, पण सरासरीतली मोठी उडी पाळण्यातली आहे.

यातूनच दुसरी चूक होते. साठ वर्षांचा सभासद म्हणतो, सरासरी सत्तर म्हणजे माझी दहाच राहिली, आता ठिबक कशाला आणि फळबाग कशाला! लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना पाहावं. पायथ्याशी निघालेल्या सगळ्यांची सरासरी काढली, तर सुरुवातीलाच दमून बसलेले त्यात येतात. जो दोनशे पायऱ्या चढून गेला त्याचा अंदाज त्यांच्यावरून कसा करणार? सत्तर ही जन्मलेल्या सगळ्यांची सरासरी आहे. जो साठीपर्यंत पोहोचला, त्याला आपल्या देशात आजच्या मृत्युदराने सरासरी आणखी १८ वर्षं मिळतात. अठरा वर्षांत किती लागणी आणि किती खोडवे होतात ते ज्याचं त्याने मोजावं. अर्थात ही हमी नव्हे. बिडी, बी.पी. आणि साखर (आपली नव्हे, रक्तातली!) यांच्याप्रमाणे प्रत्येकाचा आकडा खाली-वर होणार.

आता बिबट्या. या विषयावर आकडे सांगायला गेलं की लोक चिडतात, आणि ते चिडणं रास्त आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत दोन मुलं आणि एक वृद्ध महिला गेली. लोकांनी मंचरला महामार्ग अडवला. अशा वेळी कोणी बाहेरचा शहाणा येऊन म्हणतो, चार लाखांच्या तालुक्यात दोन-चार माणसं म्हणजे लाखात एखादं, काळजीचं कारण नाही. आमचा आक्षेप त्याच्या भागाकाराला आहे. बाजारपेठेत तिसऱ्या मजल्यावर राहणारा आणि फडाला लागून छपरात राहणारा यांना एकाच लाखात का बसवलं? ज्याच्या अंगणात लहान पोर खेळतं, ज्याला रात्रीच्या विजेवर पाणी धरायला जावं लागतं, ज्याची कोपी फडाच्या कडेला आहे, त्यांचा वेगळा लाख मोजला पाहिजे. तिथे तो आकडा मोठा निघणार, आणि पिंजरे, दिवे, दिवसाची वीज यांची मागणी तिथूनच जोरात करता येईल.

नीट मोजल्याने काय हाती लागतं, याचा दाखला जुन्नरनेच दिलेला आहे. १९९३ ते २००१ या काळात इथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मग वस्तीजवळचे २९ बिबटे पकडून सरासरी चाळीस किलोमीटर लांबच्या जंगलांत सोडण्यात आले. २००१ ते २००३ मध्ये हल्ले वर्षाला सरासरी १७ झाले, आणि सोडल्या जागांच्या आसपास ते अधिक वाढले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी ही मोजदाद २०११ साली प्रसिद्ध केली. ‘पकडा आणि लांब सोडा’ हे ऐकायला बरं वाटणारं औषध उलटलं, हे कोणाच्या भावनेने कळलं नसतं.

पण भीतीच्या मापात जे बसत नाही त्याचंही गणित करू. २०२२ साली महाराष्ट्रात रस्ते अपघातांत १५ हजारांवर माणसं मेली. साडेबारा कोटी लोकसंख्या धरली तर लाखात बारा. याच दराने चार लाखांच्या तालुक्यात वर्षाला अठ्ठेचाळीस होतात. हा निव्वळ गुणाकार आहे, आपल्या तालुक्याची नोंद नव्हे. पण जुन्नर वन विभागात कोणत्याही एका वर्षी बिबट्याने एवढी माणसं नेलेली नाहीत. आणि या रस्त्यांवर हंगामात अंधारात मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या कोणाच्या धावतात? आपल्याच.

सापाचा आकडा आणखी बोलका आहे. देशभरातल्या घरोघरच्या मृत्यूंची चौकशी करून २०२० साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं मेल्याचा अंदाज निघाला. म्हणजे वर्षाला ५८ हजार. सरकारी दवाखान्यांच्या नोंदीत हा आकडा कितीतरी कमी होता, कारण जो घरी किंवा मांत्रिकाच्या दारात मेला त्याची नोंद दवाखान्यात कुठून येणार! याच अभ्यासाप्रमाणे सत्तरीच्या आत सर्पदंशाने मरण्याचा धोका देशात सरासरी अडीचशे जणांत एकाला आहे. ‘वर्षाला लाखात चार-पाच’ म्हटलं की काही वाटत नाही. तोच धोका सगळ्या आयुष्याचा केला की गावात ओळखीची घरं डोळ्यांपुढे येतात. जास्त मृत्यू असलेल्या आठ राज्यांत महाराष्ट्राचं नाव नाही, हेही सांगितलं पाहिजे. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी वर्षानुवर्षं हजारो दंश झालेल्यांवर उपचार केले आणि गावोगाव समजावलं. वेळेत औषध मिळालं तर माणूस वाचतो, हे आपल्या भागाने पाहिलेलं आहे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखतही फारसं नाही. म्हणून कोपीत खाट आणि मच्छरदाणी हवी. चावलेला हात-पाय हलू देऊ नये, कापू नये, आवळून बांधू नये, १०८ ला फोन करावा.

तंबाखूबद्दल थोडंच लिहितो, कारण ऐकायला कोणाला आवडत नाही. २०१६–१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात शंभर प्रौढांत चोवीस जण मिश्री, गायछाप, गुटखा असलं काही वापरत होते. यावर ठरलेलं उत्तर येतं, आमचा आजा तंबाखू खाऊन नव्वदीला गेला. गेला असेल. ज्याच्या रानात बिनखताचा साठ टन ऊस आला, त्याची गोष्ट सगळीकडे होते. ज्यांचा वाळला ते बोलत नाहीत. तंबाखूने पन्नाशीत गेलेले आजे पारावर येऊन आपली बाजू मांडू शकत नाहीत.

आमची सूचना एवढीच, की गळीत सुरू होण्याआधी प्रत्येक गट कार्यालयात एक वही ठेवावी. सर्पदंश, फवारणीची बाधा, ट्रॉलीचा अपघात, बिबट्याचा हल्ला, जे होईल ते त्यात लिहावं. तारीख आणि वेळ, शेत की वस्ती की रस्ता, दवाखान्यात पोहोचायला किती वेळ लागला, आणि पुढे काय झालं. नाव लिहायची गरज नाही. सभासदासोबत तोडणी टोळीतल्या माणसांचीही नोंद त्यात व्हावी, नाहीतर मघाचाच भागाकार पुन्हा चुकेल. गटात एकूण माणसं किती, कोप्या किती, हे पहिल्या पानावर असावं. आणि ज्या ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर नाही, तिला वजनकाट्यावर घेऊ नये. हा ठराव येत्या वार्षिक सभेत सभासदांनीच मांडावा.