कलावंताला खोली दिलीत, खुर्ची कधी देणार?

देवनहळ्ळीत सध्या दोन गोष्टींना गिऱ्हाईक आहे: जमीन आणि परंपरा. २००८ साली विमानतळ सुरू झाला, त्यानंतर जमिनीचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. चन्नरायपट्टण होबळीतल्या तेरा गावांच्या शेतकऱ्यांनी १,७७७ एकर वाचवण्यासाठी तीन वर्षांहून जास्त काळ धरणं धरलं, तेव्हा कुठे जुलै २०२५ मध्ये सरकारने माघार घेतली. याच तालुक्यात २०२१ साली चाणक्य विद्यापीठाला सुमारे ११६ एकर जमीन ५० कोटींत दिली गेली. सरकारने ती याच्या तिपटीहून जास्त पैसे मोजून घेतली होती, असा आरोप विरोधकांनी विधानसभेत केला. निदान जमिनीवरून गोंधळ तरी होतो. परंपरा त्याहून स्वस्तात जाते आणि कोणी हू की चू करत नाही.

यूजीसीने २०२३ मध्ये ‘आर्टिस्ट-इन-रेसिडन्स’ची मार्गदर्शक तत्त्वं काढली. स्थानिक कलावंताला, कारागिराला कॅम्पसवर बोलवा, ‘कलागुरू’ म्हणा, त्याच्याकडून मुलांना शिकवा. कल्पनेत वाईट काही नाही. मीही आधी खूश झालो होतो. पण देशभरच्या कॅम्पसवर या पाहुणचाराचा साचा आपण पाहत आलोय: गेस्ट हाउसची खोली, शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, दोन तासांचं प्रात्यक्षिक, मानधनाचा चेक. कलागुरू निघून जातो. त्याच्या कलेवर पेपर लिहिणारा मात्र तिथेच राहतो, पगारावर.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटायला नको. कर्नाटकात चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ, तोगलु गोंबेयाट, करणारे सिळ्ळेक्यात घरात मराठीची एक बोली बोलतात. पडद्यावर कन्नडमध्ये रामायण-महाभारत, चुलीपाशी मराठी. चामडं पारदर्शक होईपर्यंत कमावायचं, रंगवायचं, छिद्रं पाडायची, मग रात्रभर दिव्यामागे बसून सगळी पात्रं आपल्याच गळ्यातून उभी करायची. हे ज्ञान नाही तर काय आहे? पण गावाने त्यांना नाव दिलं ते खेळातल्या विदूषकाचं, किळ्ळेक्यात. राम त्यांनी नाचवला, सीता त्यांनी रडवली, आणि जातीला नाव मिळालं सोंगाड्याचं. आज त्यांच्यातली कितीतरी कुटुंबं मासेमारीवर जगतात.

याच समाजातल्या, कोप्पळ जिल्ह्यातल्या मोरनाळच्या भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. वय नव्वदीच्या पुढे. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये? अनुसूचित जातींच्या अंतर्गत आरक्षणासाठी नेमलेल्या नागमोहन दास आयोगाने ५९ छोट्या, बहुतांश भटक्या जातींसाठी वेगळा १ टक्का सुचवला होता. मंत्रिमंडळाने तो वेगळा गटच पुसला आणि त्या जातींना लंबाणी, भोवी यांसारख्या संख्येने मोठ्या जातींबरोबर ५ टक्क्यांच्या गटात ढकललं. आजीला पदक, नातवाला वेगळी जागा नाही. असल्या सन्मानाचं करायचं काय?

‘पण त्यांच्याकडे पदवी नाही, प्राध्यापक कसं करणार?’ हा प्रश्न ठरलेला. उत्तर यूजीसीनेच देऊन ठेवलंय. २०२२ च्या ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ योजनेत पदवीची अट नाही, क्षेत्रातला १५ वर्षांचा अनुभव पुरे, आणि क्षेत्रांच्या यादीत ललित कलाही आहेत. मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. म्हणजे दार आहे. पण त्या दारातून कंपनीतले साहेब आणि निवृत्त अधिकारी आत येतात, बाहुल्यावाल्यासाठी रेसिडन्सीची खिडकी ठेवलेली असते. पदवी नसणं साहेबाला आड येत नाही, कलावंताला येतं. शिवाय ही पदं मंजूर पदांच्या बाहेरची, त्यामुळे तिथे बिंदुनामावली विचारायचीही सोय नाही. आणि खासगी विद्यापीठाचं म्हणाल, तर कलम १५(५) २००६ पासून घटनेत असूनही खासगी संस्थांत आरक्षण लागू करणारा केंद्राचा कायदा आजवर झालेला नाही. संसदेच्या शिक्षणविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये तशी शिफारस केली, तीही अजून शिफारसच आहे.

‘परंपरा टिकली पाहिजे’ म्हणणाऱ्यांना माझा एकच सवाल. कोणाच्या मुलांनी टिकवायची? कलावंताच्या मुलाने बाहुल्या सोडून इंजिनिअरिंग केलं तर हेच लोक हळहळतात. स्वतःचा मुलगा पौरोहित्य सोडून अमेरिकेला गेला की पेढे वाटतात. आपल्या आजोबांनी मेलेली जनावरं ओढायचं सोडलं, तेव्हाही गाव परंपरेच्याच नावाने ओरडलं होतं. सिळ्ळेक्यातांच्या पोरीला बाहुली हातात घ्यायचा जितका हक्क आहे, तितकाच ती खाली ठेवायचाही आहे. आणि सवर्णांच्या मुलाला ती कला शिकायची असेल तर त्याने जरूर शिकावं, रीतसर फी भरून, श्रेयांकासाठी, परीक्षा देऊन. परीक्षक ती आजी असेल.

आता थोडं आपल्याबद्दल, कारण दोष फक्त त्यांच्यावर ढकलून चालणार नाही. आपण घरातले पहिले पदवीधर. अशा रेसिडन्सीत ‘समन्वयक’ म्हणून बऱ्याचदा आपल्यालाच उभं करतात, कारण आपल्याला कलावंताची भाषा येते आणि साहेबांचीही. कॅमेरा आपण लावतो, कागदावर सही आपणच घेतो. तो कागद आपण वाचतो का? कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे प्रयोग करणाऱ्याला स्वतःच्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो, त्याच्या परवानगीशिवाय रेकॉर्डिंग करता येत नाही. अंगठा मात्र सगळे हक्क सोडून दिल्याच्या कागदावर उमटतो, आणि शाई पुढे करणारा हात कधीकधी आपला असतो. पीएचडीही आपली होते. आभाराच्या पानावर त्यांचं नाव, तेही चुकीचं लिहिलेलं.

तेव्हा पुढच्या वेळी विद्यापीठाचा मेल आला आणि ‘एखादा चांगला लोककलावंत सुचवा’ म्हणाले, तर नाव द्यायच्या आधी चार गोष्टी लेखी मागा: पद कोणतं, पगार किती, रेकॉर्डिंग कोणाच्या मालकीचं, आणि त्याच्या घरातल्या मुलाला या कॅम्पसवर पूर्ण फीमाफीची जागा आहे की नाही. उत्तर आलं नाही, तर कलावंताला फोन करून तेही सांगा. निर्णय त्याला करू दे.