दंडाचे मोल

फील्ड मार्शल हा ब्रिटिश लष्करातील सर्वोच्च हुद्दा दुसऱ्या जॉर्ज राजाने १७३६ साली निर्माण केला. १८१३ साली व्हितोरियाच्या रणात हाती आलेला फ्रेंच मार्शल जूर्दां याचा दंड वेलिंग्टनने युवराजाकडे धाडला. युवराजाने उलट फील्ड मार्शलचा दंड पाठविला. हा मान पराक्रमाचा होता. पुढे तोच शिष्टाचाराचा नजराणा झाला. १९०१ साली तो जर्मन कैसर दुसरा विल्यम यास अर्पण केला गेला, आणि १९१४ साली महायुद्ध पेटताच काढून घ्यावा लागला! याउलट १८७७ साली साधा शिपाई म्हणून भरती झालेला विल्यम रॉबर्टसन १९२० साली स्वकर्तृत्वाने त्याच पदास पोचला. पदाचे मोल या दोघांपैकी कोणी वाढविले, हे सांगावयास नकोच. गेल्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनने शांतताकाळात हे पद देण्याचा प्रघात थांबविला, हे उचितच झाले. तथापि २०१२ साली तत्कालीन युवराज चार्ल्स यांस ते मानाखातर बहाल झाले. भारताने हा हुद्दा ब्रिटिशांकडूनच घेतला. परंतु १९७३ साली माणेकशा व १९८६ साली करिअप्पा, या दोघांनाच तो दिला. हा संयम आपण सोडू नये. मान स्वस्त झाला की मानकरीही लहान होतो.