मातीचा की मॅटचा : लातूरच्या पैलवानांवरचा एक चुकीचा वाद

माळेगावच्या खंडोबाची यात्रा असो की लातूरच्या सिद्धेश्वराची, मोठी जोड लागेपर्यंत फडाभोवती एक वाद हमखास पेटतो. रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार मोठे, की अर्जुन पुरस्काराचे मानकरी काका पवार? आणि आजची पोरं त्यांच्या पासंगाला तरी पुरतील का? दोघेही लातूर जिल्ह्याचे, म्हणून वादाला धार जास्त.

जुन्या मताची मंडळी म्हणतात, खरी कुस्ती मातीतली. पाठ लागेपर्यंत लढायचं, चितपट झाल्याशिवाय निकाल नाही. मॅटवरचे पैलवान गुण गोळा करतात आणि घड्याळाकडे बघत बसतात. नव्या मताचे म्हणतात, यात्रेतल्या इनामाला जगात कोण विचारतं? पदक दाखवा. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि दोन्ही चुकतात.

पहिल्या मताला खोडायला स्वतः बिराजदारच पुरेसे आहेत. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचा हा पैलवान 1969 साली लातूरच्याच अधिवेशनात महाराष्ट्र केसरी झाला. पुढच्याच वर्षी एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा वय होतं वीस. ती स्पर्धा मॅटवर, वजनी गटात, गुणांच्या नियमांनी झाली. ज्यांना आपण मातीचं दैवत मानतो त्यांनी मॅट आपलीशी केली होती. मग त्यांच्याच नावाने मॅटला नावं ठेवायची, हा त्यांचा मान नाही.

दुसऱ्या मताच्या मंडळींना पदकाचा रंग दिसतो, मैदान दिसत नाही. 1970 च्या राष्ट्रकुलात सोव्हिएत संघ, इराण, तुर्कस्तान, जपान नव्हते. ते देश त्या स्पर्धेच्या घेरातच येत नाहीत. उलट बिराजदारांची जी कुस्ती आजही म्हातारी माणसं डावानिशी सांगतात, ती 1977 ची बेळगावची, सत्पालविरुद्धची. तिला पदक नव्हतं. पण सत्पाल म्हणजे गुरू हनुमान आखाड्याचा भरात आलेला मल्ल. पुढे 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्याने 100 किलो गटात सुवर्ण मिळवलं. तशा पैलवानाला हरवणं कोणत्या पदकाच्या तागडीत तोलणार? 

काका पवारांवर तर दोन्ही बाजूंनी अन्याय होतो, आणि मला तो जास्त टोचतो. त्यांचा प्रकार ग्रीको-रोमन. त्यात कमरेखाली हात लावता येत नाही, पायाने अडवता येत नाही. आता आपल्या गावच्या तालमीत वाढलेल्या पोराच्या अंगात पहिलं काय मुरतं? पट काढणं. समोरच्याचा तोल हलला की हात आपसूक गुडघ्याकडे जातो. मग टांग, मग एकलंगी. हे सगळं बाजूला ठेवायचं आणि छाती, खांदे, बगल एवढ्यावर समोरचा गडी उचलून मागे फेकायचा. आपल्या भागात ज्या प्रकाराची कुणाला ओळख नव्हती, त्यात काकांनी अर्जुन पुरस्कारापर्यंत मजल मारली. यात्रेत तो डाव दिसत नाही म्हणून तो छोटा ठरत नाही.

मग पिढ्यांची तुलना करूच नये का? जरूर करावी. सरळ झुंज लावून पाहता येत नाही, हे खरं. खुराक बदलला, नियम बदलले, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आल्या. पण आपल्या काळातल्या सगळ्यात अवघड प्रतिस्पर्ध्यासमोर पैलवान कसा उभा राहिला, हे बघता येतं. आणि तालीम सोडताना त्याने मागे कोण ठेवलं, हेही बघता येतं. माझ्या लेखी दुसरी कसोटी मोठी.

तिथे हा वादच मोडून पडतो. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे पुण्यात बिराजदारांच्या हाताखाली घडला. 2011 साली वस्ताद गेले आणि राहुलला काका पवारांनी पुढे नेलं. 2018 मध्ये त्याने गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुलात 57 किलो गटात सुवर्ण घेतलं, पुढच्या वर्षी नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत 61 किलो गटात कांस्य. त्या कांस्याची किंमत मी सुवर्णाहून अधिक मानतो, कारण तिथे सगळं जग उतरलं होतं. आता सांगा, हे पदक बिराजदारांच्या खात्यात मांडायचं की काकांच्या?

आणि 7 जानेवारी 2020 ची बालेवाडी आठवा. महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीत माती विभागातून आलेला लातूरचा शैलेश शेळके, गादी म्हणजे मॅट विभागातून आलेला नाशिकचा हर्षवर्धन सदगीर. दोघेही काका पवारांचेच पठ्ठे. हर्षवर्धन 3-2 ने जिंकला आणि त्याने हरलेल्या शैलेशला खांद्यावर घेतलं. माती आणि मॅट एकाच वस्तादाच्या तालमीत नांदत होती, आणि आपण मात्र फडाभोवती दोन पार्ट्या करून भांडतो.

तरीही कुणी पहिला मानकरी विचारलाच, तर मी बिराजदारांचं नाव घेईन. मातीत आणि मॅटवर दोन्हीकडे ते जिंकले आणि शेवटपर्यंत पोरं घडवत राहिले. पण त्यांना कोल्हापूर-पुणे गाठावं लागलं, काकांची तालीमही पुण्यातच उभी राहिली, आणि आजही निलंगा-लोह्याकडच्या गुणी पोराला तीच वाट धरावी लागते. यात्रा समित्यांना माझी विनंती आहे : यंदाच्या इनामातला एक वाटा बाजूला काढा आणि तालुक्याच्या तालमीला एक मॅट घेऊन द्या.