सहल परत येते, बाटल्या तिथेच राहतात

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, डिसेंबर आला की शाळांच्या सहली सुरू होतात. किल्ला, संग्रहालय, देऊळ आणि शेवटी बाजार, असा आपला कार्यक्रम ठरलेला असतो. पण ज्या शहरात आपण जातो, तिथे मागे काय ठेवून येतो, याचा विचार करतो का?

साधा हिशोब करू. ५० मुले, २ दिवस, प्रत्येकाला रोज एक लिटरच्या २ बाटल्या. झाल्या २०० बाटल्या! आपण म्हणतो, "मुलांनी कचरापेटीतच टाकल्या." छान! पण ती पेटी रिकामी कोण करतं? तिथली नगरपरिषद. मजा आपली आणि ओझं त्यांच्यावर, हे बरं नव्हे.

आता तेवढंच पाणी २० लिटरच्या १० जारमधून घ्या आणि मुलांना घरची स्टीलची बाटली आणायला सांगा. रिकामे जार दुकानदाराकडे परत जातात, धुऊन पुन्हा भरले जातात. वस्तू फेकायची नाही, फिरती ठेवायची. चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात ती हीच. व्याख्या पाठ करण्यापेक्षा मुलांना हे लवकर कळतं.

तरीही थोडा कचरा होणारच. त्याचं काय करता येतं, हे दाखवायला मुलांना सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याचं उदाहरण सांगा. तिथल्या नगरपरिषदेने, तेव्हाचे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या पुढाकाराने, डम्पिंग ग्राउंडचं चक्क कचरा पर्यटन स्थळ केलं. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि वीज, पालापाचोळ्यापासून कांडी कोळसा, आणि प्लास्टिकचे बारीक तुकडे रस्त्याच्या डांबरात! पण हे नुसत्या यंत्रांनी जमलं नाही. घराघरांत कचरा वेगळा होऊ लागला, म्हणून जमलं. पाहुण्यांनीही ही शिस्त पाळायला नको का?

काही पालक म्हणतील, "बाहेरच्या पाण्याने पोर आजारी पडलं तर?" काळजी रास्त आहे. म्हणून पाणी कुठून घ्यायचं, हे शिक्षकांनी आधीच ठरवावं. पण या भीतीपोटी २०० बाटल्या मागे सोडणं मला पटत नाही.

यंदाच्या सूचनापत्रात 'सोबत आणायच्या वस्तू' या यादीत बाटली, ताटली आणि पेला जरूर लिहा. आणि परत आल्यावर सहलीचं वर्णन लिहायला देताना एक परिच्छेद वाढवा: "आम्ही तिथे काय सोडून आलो?" त्या परिच्छेदात लिहायला फारसं काही उरलं नाही, तर समजा, सहल यशस्वी झाली.