शेवटच्या स्वाराचा वेग

भाद्रपद उतरणीला लागतो, घटस्थापनेचे वेध लागतात आणि पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांतील तरुण मंडळींमध्ये एका नव्या यात्रेची लगबग सुरू होते. मोटारसायकली रेल्वेच्या पार्सल डब्यातून दिल्लीकडे वा चंदीगडकडे रवाना होतात आणि पाठोपाठ आठ-दहा, कधी पंधरा-वीस जणांचे गट निघतात. शिमला, किन्नोर, स्पिती आणि कुंझुम खिंड ओलांडून मनाली, असा ६०० किलोमीटरहून अधिक लांबीचा हा हिमालयातील वळसा. गटात नोकरदार असतात, महाविद्यालयीन विद्यार्थी असतात, तरुणी असतात आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे गृहस्थही असतात.

या मंडळींनी शरद ऋतू निवडावा, यात नवल नाही. पावसाने सैल झालेले डोंगर या काळात काहीसे स्थिरावतात, आकाश निरभ्र होते, कल्पा गावातून समोरचा किन्नर-कैलास स्वच्छ दिसतो. किन्नोरच्या बागांत सफरचंदांची तोडणी चाललेली असते, चिलगोजाच्या झाडांवरून शंकू उतरवले जात असतात. स्पितीत जव आणि वाटाण्याचे पीक घरात आलेले असते आणि नदीकाठचे पॉप्लर व विलोचे वृक्ष पिवळेधमक झालेले असतात. आपल्या देशाचे हे रूप आपल्या तरुणांनी डोळे भरून पाहावे, नकाशावरच्या सीमेला धुळीचा आणि थंडीचा स्पर्श असतो हे स्वतः अनुभवावे, यासारखी चांगली गोष्ट नाही. ‘काय ही नसती थेरं!’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांच्या पंक्तीत प्रस्तुत लेखकाला बसायचे नाही. ज्या वयात साहस करायचे, त्या वयात ते केलेच पाहिजे.

आक्षेप साहसाला नाही. तो दिनदर्शिकेला आहे. दोन शनिवार-रविवार आणि मधले पाच दिवस, अशी नऊ दिवसांची रजा जमवायची. त्यातले जाण्यायेण्याचे तीन-चार दिवस वजा करायचे आणि उरलेल्या पाच दिवसांत संपूर्ण वळसा कोंबायचा, हे या सहलींचे रूढ गणित होऊन बसले आहे. एका दिवसाचा मुक्काम गाळला की खर्च वाचतो, रजा वाचते आणि परतल्यावर सांगायला एक खिंड अधिक मिळते. हिमालयाला मात्र हे गणित मान्य नाही.

पाऊणशे वर्षे मैदानी प्रदेशात वाढलेली माणसे उंचीवर पाठवणाऱ्या आपल्या सैन्याचाच अनुभव पाहू. १९६२च्या युद्धात आपल्या जवानांना हवामानाशी जुळवून घेण्यास पुरेसा अवधी न मिळताच उंचावर चढवावे लागले. त्याची किंमत त्यांनी मोजली. पुढे लष्करी वैद्यक सेवेतील डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११,००० ते १८,००० फुटांवर नेलेल्या १,९२५ जवानांचा अभ्यास केला. तो १९६९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि विरळ हवेतील आजारावरचा पायाभूत अभ्यास म्हणून आजही त्याचा दाखला दिला जातो. आपल्या सैन्यात उंचीवर नियुक्त होणाऱ्या जवानाला टप्प्याटप्प्याने वर नेतात. ९,००० ते १२,००० फुटांच्या टप्प्यात ६ दिवस, १२,००० ते १५,००० फुटांच्या टप्प्यात ४ दिवस आणि त्याहून वर आणखी ४ दिवस. पहाटे उठून मैलोन्‌मैल धावणाऱ्या, विशी-पंचविशीतल्या जवानासाठी हा नियम आहे. आणि वर्षभर संगणकासमोर बसलेला आपला चाळिशीतला सद्गृहस्थ मनालीहून निघून त्याच दिवशी १५,००० फुटांच्या कुंझुमवरून काझाला मुक्कामी पोहोचतो! जे ज्ञान आपल्याच जवानांच्या कष्टांतून हाती आले, त्याकडे आपल्याच नागरिकांनी पाठ फिरवावी, याला काय म्हणावे?

उंचीचा आजार प्रथम साध्या रूपात येतो. डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही. दुचाकीवर दिवसभर हाडे खिळखिळी झालेला माणूस ते प्रवासाच्या शिणावर ढकलतो आणि गटाचा खोळंबा नको म्हणून गप्प बसतो. दुसऱ्या दिवशी आणखी वर चढतो. चालताना तोल जाऊ लागला, बसल्याजागी धाप लागू लागली, की मात्र एकच खरा उपाय उरतो. विनाविलंब खाली उतरणे. स्पितीची अडचण नेमकी इथे आहे. काझा सुमारे १२,००० फुटांवर आहे आणि तिथून मनालीकडे उतरायचे तर आधी कुंझुम चढावा लागतो. मनालीकडून घाईने आत शिरलेल्या माणसाला मागे फिरण्याचा रस्ता पुढे जाण्याच्या रस्त्याइतकाच उंच असतो.

हाच वळसा शिमल्याकडून घेतला तर भूगोलच आपला वैद्य होतो. पहिला मुक्काम सुमारे ९,००० फुटांवरचे नारकंडा, मग ९,७०० फुटांवरच्या कल्पाला दोन रात्री, पुढे १०,७०० फुटांवरचे ताबो, आणि मग काझा. दहा हजार फुटांच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत सुमारे १,६०० फुटांहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, हा वैद्यकशास्त्राचा संकेत त्यात आपोआप पाळला जातो. वाढतात ते केवळ दोन-तीन दिवस. तेवढीही रजा नसेल तर काय? तर कल्पा-सांगला पाहून परत फिरावे. किन्नोर काही पळून जात नाही आणि स्पिती पुढच्या शरदातही तिथेच असणार आहे.

इथे कोणी म्हणेल, की शरदात रस्ते कोरडे असतात, मग घाई केली तर बिघडले कुठे? २०१८चा सप्टेंबर आठवावा. इकडे महाराष्ट्रात अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका निघत होत्या, त्याच दिवसांत लाहौल-स्पितीत अवेळी जबर हिमवर्षाव झाला. रस्ते बंद पडले, शेकडो प्रवासी अडकले आणि कित्येकांच्या सुटकेसाठी वायुदलाला हेलिकॉप्टरे पाठवावी लागली. ज्यांच्या हाती राखीव दिवस होते, ते गावात थांबू शकत होते. ज्यांचे परतीचे तिकीट खिशात होते, त्यांचे मन रस्त्यावर होते. शरदाचे दिवस लहान असतात. कुंझुमच्या पलीकडे रस्त्यावरून वाहणारे ओढे पहाटे गोठलेले असतात आणि दुपारी बर्फ वितळून फुगलेले असतात. उशिरा निघणारा आणि अंधारात पोहोचणारा गट या दोहोंच्या कात्रीत सापडतो. एक मोकळा दिवस ही चैन नव्हे, तो प्रवासाचा विमा आहे.

गटाने प्रवास कसा करावा हे मराठी माणसाने इतरांकडून शिकण्याची वास्तविक गरज नाही. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटरचे. मोटारीने एका दिवसात तुटणारे. पण पालखी त्यासाठी जवळजवळ तीन आठवडे घेते. मुक्काम ठरलेले, विसाव्याच्या जागा ठरलेल्या, दिंडीचा क्रम ठरलेला. विणेकऱ्याला मागे टाकून कोणी पुढे पळत नाही आणि दोन मुक्काम एका दिवसात उरकल्याची फुशारकी कोणी मारत नाही. सत्तरीतली माउली आणि विशीतला तरुण एकाच दिंडीत चालतात आणि दोघेही पंढरपुरी पोहोचतात. यामागे केवळ भक्ती नाही, शतकांच्या अनुभवातून सिद्ध झालेले प्रवासाचे शास्त्र आहे. दुचाकींच्या गटानेही ‘लीड’ आणि ‘स्वीप’ असे दोन स्वार नेमण्याची पद्धत स्वीकारली आहे. लीड वाट दाखवतो, स्वीप सर्वांच्या मागे राहतो. पण बहुतेक गटांत मान असतो तो लीडला. वस्तुतः गटातला सर्वांत जाणता माणूस मागे हवा. पुढचा स्वार कुठवर पोहोचला, यावर गटाचा दिवस ठरत नाही. तो ठरतो शेवटचा स्वार केव्हा आणि कसा पोहोचला, यावर. प्रत्येक वळणापाशी मागच्या स्वाराचा दिवा आरशात दिसेपर्यंत थांबायचे, एवढा एक नियम सर्वांनी पाळला तरी कोणी एकटा मागे पडणार नाही.

हा उपदेश कोरडा वाटत असेल, तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे आकडे पाहावेत. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. डोंगरातील अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने वाट द्यावी, हा नुसता शिष्टाचार नव्हे, आपल्या देशातील वाहतुकीचा लिखित नियम आहे. शरदात किन्नोरच्या रस्त्यांवर सफरचंदांच्या पेट्यांनी लादलेले ट्रक असतात. त्या पेट्यांत एका कुटुंबाच्या वर्षभराची कमाई भरलेली असते. आंधळ्या वळणावर त्या ट्रकला ओलांडून जाण्यात कोणती मर्दुमकी आहे?

रस्त्याचाही विचार व्हावा. हिंदुस्थान-तिबेट मार्गाचे काम डलहौसीच्या काळात, १८५० साली सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर ७ मे १९६० रोजी सीमा रस्ते संघटना स्थापन झाली आणि आज सीमेलगतचे दुर्गम रस्ते खुले राहतात ते प्रामुख्याने तिच्या श्रमांवर. त्या संघटनेसाठी खडी फोडणारे, डांबर ओतणारे हजारो मजूर झारखंडसारख्या दूरच्या राज्यांतून येतात. जून २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळातही दुमक्याहून त्यांना घेऊन खास गाडी सुटली होती. आपण ज्या वळणावर छायाचित्रासाठी थांबतो, तिथे धुराने काळवंडलेला एखादा मजूर उभा असतो. त्याला बाजूला सारून छायाचित्र घेण्याऐवजी दोन शब्द बोलून पाहावे. तो डोंगर कसा आहे, हे त्याला आपल्याहून अधिक ठाऊक असते. ११ ऑगस्ट २०२१ रोजी याच मार्गावर निगुलसरीजवळ दरड कोसळली आणि प्रवासी बससह वाहने गाडली जाऊन २८ जण दगावले. त्याच्या केवळ पंधरवडाभर आधी सांगला खोऱ्यात बटसेरीपाशी कोसळलेल्या शिळांनी ९ पर्यटकांचे प्राण घेतले होते. दगड गडगडताना दिसले आणि मजुराने लाल फडके दाखवले, तर थांबावे. तिथे घड्याळ पाहू नये.

आणि ज्या घरांत आपण उतरतो, त्या घरांचे काय? स्पितीत पाऊस अत्यल्प. शेती आणि पिणे, दोन्ही वितळणाऱ्या बर्फावर. म्हणूनच तिथे पाण्याविना चालणारी कोरडी शौचकूपे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. तिथे जाऊन गरम पाण्याच्या बादल्यांचा हट्ट धरणारा पाहुणा यजमानाच्या हिवाळ्यातून उसना घेत असतो. प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि वेष्टने तिथे मागे ठेवली तर ती थंड, कोरड्या हवेत वर्षानुवर्षे तशीच राहतात. जे नेले ते परत आणावे, एवढे साधे व्रत आहे. इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झालेला ताबोचा मठ मातीच्या भिंतींचा आहे. हजार वर्षांची भित्तिचित्रे त्या भिंतींनी सांभाळली. त्यांच्यासमोर इंजिनाचा कर्कश आवाज करत दहा गाड्या उभ्या करणे शोभत नाही.

कुंझुम खिंडीच्या माथ्यावर देवीचे स्थान आहे. तिथून जाणारा बसचालक असो वा ट्रकचालक, रस्ता सोडून देवीला प्रदक्षिणा घालतो आणि मगच पुढे जातो. त्याला वेळ नसतो असे नाही. माल पोहोचवायचा असतो, उतारू खोळंबलेले असतात. तरी तो फेरा चुकवत नाही. कारण जो डोंगर रोज ओलांडायचा, त्याच्यापुढे नम्र असावे, हे तो जाणतो. वर्षातून एकदा येणाऱ्या आपल्या दुचाकीस्वारांनी त्याच्याकडून इतकेच शिकावे.

तेव्हा येत्या शरदात अवश्य जावे. मात्र रजेचा अर्ज भरताना दोन दिवस अधिक मागावेत, आणि ते मिळाले नाहीत तर वळसा लहान करावा. गटातल्या सर्वांत नवख्या स्वाराला विचारून दिवसाचे अंतर ठरवावे. ज्याचे डोके दुखते त्याने ते निःसंकोच सांगावे आणि त्याच्यासाठी थांबणाऱ्या गटाने तो दिवस वाया गेला असे मानू नये. किती खिंडी ओलांडल्या, हा प्रश्न परतल्यावर सगळेच विचारतील. ज्या घरातून तरुण मुलगा वा मुलगी बाहेर पडलेली असते, त्या घरात प्रश्न वेगळा असतो : गेले तेवढे सगळे परत आले ना? त्याचे उत्तर ‘होय’ असे देता आले, म्हणजे यात्रा सुफळ झाली.