रोप लावायचे कुठे?

इस्राएलमध्ये अमुता काढणे कागदावर सोपे आहे. १९८० च्या कायद्याप्रमाणे दोन सज्ञान माणसे पुरतात. खरी कटकट पुढे सुरू होते. सर्वसाधारण सभा, कार्यकारी समिती, दरवर्षीचे हिशेब, अहवाल, आणि रजिस्ट्रारचा ‘निहुल ताकीन’, म्हणजे कारभार ठीक असल्याचा दाखला. तो नसेल तर सरकारी मदत विसरा. देणगीदाराला ३५ टक्के करसवलत हवी, तर ४६ व्या कलमाची मंजुरी आणखी वेगळी. डोक्यात चांगली कल्पना आहे पण हाताशी ना वकील ना हिशेबनीस, असा माणूस इथेच थकतो.

नेमके हेच काम सोपे करण्यासाठी ‘शतील’ ही संस्था उभी राहिली. हिब्रूत शतील म्हणजे रोप. १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या न्यू इस्राएल फंडाने ती १९८२ मध्ये काढली. नागरी हक्क, स्त्रियांचे प्रश्न, अरब नागरिक, इथिओपियाहून आलेले ओलीम, अशा विषयांवर काम करणाऱ्या नव्या गटांना ती सल्ला देते, शिकवते. पैसे कसे उभे करायचे, कनेसेटच्या समितीपुढे कसे बोलायचे, वर्तमानपत्राला काय सांगायचे, हे सगळे त्यात आले. एकूण स्वभाव पुरोगामी. काम मात्र रटाळ, कारकुनी, आणि त्यातच त्याची ताकद आहे. १९६२ ते १९६४ या काळात लग्नाच्या प्रश्नावर बेने इस्राएल लोक लढले, तेव्हा असा आधार देणारी शतील नव्हती. ज्यांच्या घरी त्या दिवसांच्या आठवणी आहेत, त्यांना वेगळे सांगायला नको.

दुसरी तऱ्हा जॉइंटची. १९६९ मध्ये जॉइंट आणि सरकार यांनी मिळून वृद्धांसाठी ‘एशेल’ उभी केली, पुढे १९९८ मध्ये मुलांसाठी ‘अशालीम’. पद्धत अशी: योजना दोन-चार गावांत करून बघायची, चुका दुरुस्त करायच्या, जमली की मंत्रालयाच्या किंवा नगरपालिकेच्या हाती द्यायची आणि आपण बाजूला व्हायचे. आपल्यातल्या कितीतरी आजी-आजोबांना ‘केहिला तोमेखेत’ ठाऊक असेल. घरातले संकटाचे बटण, बोलावल्यावर येणारा डॉक्टर, आणि बल्ब बदलण्यापासून विचारपूस करण्यापर्यंत सगळे पाहणारा ‘अव केहिला’. ही योजना अशाच रीतीने वाढली.

कोकणातला शेतकरी राबात आवण वाढवतो, पण पावसाचे दिवस बघून ते उपटून शेतात लावावेच लागते. राबातच राहिले तर भात पिकत नाही. संस्था घडवणाऱ्या संस्थांचेही असेच आहे. जॉइंटच्या रोपाला शेत मिळते, कारण सरकार पहिल्या दिवसापासून भागीदार असते. शतीलने मदत केलेल्या गटांचे काय? त्यांतले बरेच गट सरकारलाच जाब विचारतात. त्यांना कोणते मंत्रालय दत्तक घेणार? मग राहतो देणगीचा पैसा, आणि तो पुष्कळदा परदेशातून येतो. काही परदेशातल्या खासगी लोकांकडून, काही युरोपातल्या सरकारांकडून.

वाद पेटतो तो या दुसऱ्या पैशावर. २०१६ च्या कायद्याने, निम्म्याहून अधिक पैसा परकीय सरकारांकडून घेणाऱ्या संस्थांना तसे जाहीर करणे भाग पडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी कडक विधेयक कनेसेटच्या प्राथमिक वाचनात मंजूर झाले: परकीय सरकारी देणगीवर ८० टक्के कर. कायदा होण्यासाठी त्यानंतर आणखी तीन वाचने लागतात. इस्राएल सरकारकडून पैसा मिळणाऱ्या संस्थांना त्यातून सूट, आणि अर्थमंत्र्याला सूट देण्याचा अधिकार.

विधेयकाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. परक्या सरकारने पैसा देऊन आपल्या देशाच्या धोरणात ढवळाढवळ का करावी, हे कोणीही विचारेल. पण त्याचे उत्तर उघड हिशेब हे आहे, आणि ती सोय २०१६ पासून आहेच. १०० शेकेलपैकी ८० कापून घेणे याला हिशेब मागणे म्हणत नाहीत. सूट कोणाला, ते पाहिले की तर हेतू आणखी स्पष्ट होतो. सरकारी पैसा घेणारा वाचतो, सरकारला प्रश्न विचारणारा बुडतो. खासगी देणग्यांना हा कर लागत नाही, म्हणून शतील स्वतः कदाचित तरेल. फटका बसेल तो तिच्या आधाराने उभ्या राहिलेल्या लहान गटांपैकी ज्यांचा खर्च युरोपच्या अनुदानावर चालतो त्यांना. दोन पगारी माणसे आणि एक भाड्याची खोली, एवढाच त्यांचा संसार.

यात पुरोगामी मंडळींचीही एक बाजू कच्ची आहे. चाळीस वर्षांत त्यांनी परदेशी दाते जोडले, पण देशातल्या साध्या माणसाकडून महिन्याला वीस शेकेल मागण्याची सवय फारशी लावली नाही. दिमोना, लोद, अशदोद इथले कष्टकरी लोक या संस्थांचे सभासद किती, आणि फक्त ‘लाभार्थी’ किती? आपली सिनेगॉग आणि मंडळे वर्गणीवर चालतात, पैसा थोडा असतो, भांडणेही होतात. पण कनेसेटमधल्या एका मतदानाने ती बंद पडत नाहीत.