फोनो इकडे, तबकड्या तिकडे

आषाढात संपादकांनी विचारले, "दिवाळी अंकाला यंदा काय देता?" आषाढात दिवाळी फार लांब वाटते आणि लांबचे वायदे करायला माणसाला काही लागत नाही. मी म्हणालो, "आजवरच्या सर्वश्रेष्ठ दहा ध्वनिमुद्रिका निवडून देतो." संपादक खूष झाले. मीही झालो. हे सदर नेहमी वाचणाऱ्यांना ठाऊकच आहे, की माझ्या बहुतेक संकटांचा आरंभ असाच खुशीत होतो.

कल्पना मूळची माझी नव्हे, कन्येची. ती कॉलेजात शिकते आणि कानांत बोंडे घालून जेवते. एकदा तिला म्हटले, "काय ऐकतेस एवढे?" ती म्हणाली, "सोल." मला वाटले पायताणाचे काहीतरी असावे. तेव्हा तिने मला समोर बसवून शिकवणी दिली. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे हे गाणे. देवळातल्या भजनाचा आवाज तोच ठेवला आणि शब्द प्रपंचाचे घातले, तेव्हा ते जन्मले. ॲरेथा फ्रँकलिन ही त्यातली थोर गायिका. तिचे वडील धर्मोपदेशक होते आणि ती लहानपणी चर्चमध्येच गायला शिकली. कीर्ती मिळाल्यावर १९७२ साली ती पुन्हा चर्चमध्ये जाऊन उभी राहिली आणि नुसती भक्तिगीते गायली. मार्विन गे हाही असाच एका धर्मोपदेशकाचा मुलगा. त्याची १९७१ सालची एक तबकडी तिकडच्या एका मासिकाने २०२० साली पाचशे तबकड्यांत पहिली ठरवली. एवढे सांगून कन्या म्हणाली, "बाबा, आपले सोल कोणते?"

प्रश्न मराठीच्या प्राध्यापकाला होता. कीर्तनकाराच्या घरातले गळे नाटकात आले, अभंग रेडिओवर आला, ओवी चित्रपटात गेली. आपलाही प्रवास काही फार निराळा नाही. मी वही काढली.

प्रथम नियम केले. गाणारा किंवा गाणारी आपल्या मुलखातली हवी. एखादे गाणे बरे म्हणून तबकडी घ्यायची नाही, तिच्यात जीव हवा. आणि आप्तांच्या शिफारशी विचारात घेतल्या जाणार नाहीत. हा तिसरा नियम आमच्या सौभाग्यवतींना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी नुसते "बरं" म्हटले.

पहिली जागा गीतरामायणाची. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर ते सुरू झाले आणि वर्षभर चालले. माडगूळकरांची छप्पन्न गीते, सुधीर फडक्यांच्या छप्पन्न चाली. आठवड्याला एक गीत लिहायचे, चाल बांधायची, बसवायचे आणि गायचे! विद्यार्थ्यांना आठवड्याला एक निबंध सांगितला तर ते प्राचार्यांकडे जातात. रेडिओवर निरनिराळ्या गायक-गायिकांनी गायलेली ही गीते पुढे बाबूजींच्या एकट्याच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाली आणि घरोघर गेली.

दुसरी 'अभंग तुकयाचे'. श्रीनिवास खळ्यांच्या चाली आणि लताबाईंचा स्वर. तुकोबांच्या शब्दांना सजवायचा मोह खळ्यांनी किती आवरला आहे, हे ऐकणाऱ्याला दहाव्या खेपेला कळते. तिसरी 'ज्ञानेश्वर माउली', हृदयनाथांची. तिथे चाल अवघड आहे, पण ज्ञानेश्वर तरी सोपे कोठे आहेत? चौथी भीमसेनांच्या अभंगांची. राम फाटकांच्या चाली घेऊन हा ख्यालगायक वारकऱ्यांत जाऊन उभा राहिला आणि मैफलीत कधीही न गेलेली माणसे त्याच्या पाठीमागे उभी राहिली.

पाचवी बालगंधर्वांच्या नाट्यपदांची. सहावी कुमार गंधर्वांची 'मला उमजलेले बालगंधर्व'. पाचवी आणि सहावी शेजारी ठेवाव्यात. एका गंधर्वाचे गाणे दुसऱ्याने नक्कल न करता कसे गावे, याचा तो पाठच आहे.

सातवी केसरबाई केरकरांची. केरकरीण गोव्यातल्या केरी गावची. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. परक्या ग्रहावरच्या कुणी ऐकलेच तर असावे म्हणून प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसवली आणि तिच्यात सगळ्या पृथ्वीवरचे निवडक सत्तावीस संगीताचे तुकडे घातले. हिंदुस्थानचा त्यांत एकच, केसरबाईंची भैरवी. त्या सत्तावीस निवडताना त्या मंडळींची काय अवस्था झाली असेल! मला दहाच निवडायच्या होत्या आणि माझी झोप उडाली होती. त्यांतले दुसरे यान ५ सप्टेंबरला उडाले आणि अकरा दिवसांनी केसरबाई गेल्या.

आठवी माणिक वर्मांच्या भावगीतांची. नववीवर सौभाग्यवतींनी तिसरा नियम धुडकावून कोळीगीतांचा आग्रह धरला. तो निकाल लागायच्या आत आमच्या कॉलेजातल्या शिपाईमामांनी माझी वही चाळली आणि शांतपणे विचारले, "सर, ह्यात प्रल्हाद शिंदे कुठंत?" मी गप्प. आषाढी-कार्तिकीला महाराष्ट्रातल्या कोणत्याही एसटी स्टँडवर उभे राहिले, तर ज्यांचा आवाज कानी पडल्यावाचून राहत नाही, ते माझ्या वहीत नव्हते. ते मला आवडत नाहीत असे नव्हे. वही लिहिताना मी दिवाणखान्यात बसलो होतो आणि तो आवाज रस्त्यावरून येतो, एवढेच. नववी जागा प्रल्हाद शिंद्यांना दिली. कोळीगीते गेली. त्या रात्री जेवणात मीठ कमी होते.

दहावी जागा मात्र रिकामीच राहिली. आणि दहावीचा विचार करू लागलो की डोळ्यांसमोर सुलतानपूर येई.

सुलतानपूर आमचे गाव. बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यात. लोणारचे सरोवर पाहायला परदेशाहून माणसे येतात. ती सुलतानपुरावरून जातात, पण तिथे उतरत नाहीत. आजोबांची तिथे शेती. त्यांनी ऐन तारुण्यात एक फोनो घेतला होता. कर्ण्याचा नव्हे, पेटीचा. झाकण उघडायचे, चावी द्यायची, सुई बसवायची. त्याबरोबर तबकड्यांचे वेड लागले आणि वाढत वाढत एकेचाळीस तबकड्या झाल्या.

१९८३ साली आजोबा वारले. पुढल्या वर्षी माझे वडील आणि काका यांची वाटणी झाली. तेव्हा मी चार वर्षांचा होतो, म्हणून ऐकलेलेच सांगतो. जमीन वाटली, बैल वाटले, भांडी वाटली. विहिरीच्या पाण्यावरून दोघे भाऊ तापले. आणि तापलेल्या डोक्याने फोनोचीही वाटणी झाली. यंत्र धाकट्याला, म्हणजे माझ्या वडिलांना. तबकड्या थोरल्याला, म्हणजे नानांना. पंचांपैकी कुणालाही यात काही विचित्र वाटले नाही. दोन्हींची किंमत सारखी धरली होती.

वडील नोकरीमुळे संभाजीनगरला राहिले. आमच्या कपाटावर एक मुका फोनो आणि दीडशे किलोमीटरवर सुलतानपुरात एकेचाळीस मुक्या तबकड्या! लग्नकार्यांत भाऊ एकमेकांना भेटत, वाढत, जेवत. फोनोचे नाव कुणी काढीत नसे. वडील दर दसऱ्याला तो खाली काढीत, पुसत, शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब घालीत, चावी देऊन रिकामी फिरकी फिरवीत आणि परत वर ठेवीत. लहानपणी मला वाटे, फोनो म्हणजे दसऱ्याला पुजायचे एक शस्त्र असते.

दोन वर्षांपूर्वी वडील गेले. यंदा श्रावणात नानांचा फोन आला. "घर पाडतो म्हन्ते पोरगा. नवं बांधतो. तबकड्या कुठं ठेवू? दहा-पाच घेऊन जाय तुले पाहिजे त्या."

दहा-पाच! मी वही मिटली, कपाटावरचा फोनो उतरवला आणि मांडीवर घेऊन जालना, सिंदखेडराजा, बिबी करीत सुलतानपूरला पोहोचलो. वाहकाने पेटीचे अर्धे तिकीट मागितले. मी वाद घातला नाही.

नानांनी पेटी पाहिली आणि काही बोलले नाहीत. हात धुऊन आले. मग माजघरातली लोखंडी ट्रंक ओढली. काकू दारात येऊन उभी राहिली. ट्रंकेत तबकड्या उभ्या लावल्या होत्या, प्रत्येक जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली. मी म्हणालो, "नाना, या तर नव्यासारख्या आहेत!"

काकू म्हणाली, "दर दिवाळीले सम्द्या काढतेत अन् मलमलीनं पुसतेत. चाळीस वर्सं झाली. मी म्हन्ते, वाजवायले यंत्र नाई, तं पुसता कायले?"

"लाखेची चीज हाय," नाना म्हणाले. "धूळ बसली का रेघ भरते."

जुनी तबकडी खरोखरच लाखेची असते, दगडाची पूड घालून घट्ट केलेली. म्हणूनच ती जड, आणि हातून पडली की बांगडीसारखी फुटते. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेते आणि एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांत संपते. ख्यालगायकाला तेवढ्यात राग मांडताना घाम फुटे. पण आपले भावगीत त्याच साडेतीन मिनिटांत वाढले. धृपद आणि दोन-तीन कडवी, की सुई मध्याला टेकते. अमेरिकेत १९४८ साली लांब पल्ल्याची तबकडी आली, पुढे ती आपल्याकडेही आली आणि गाण्याला ऐसपैस बसता आले. त्याआधीच्या अनेक तबकड्या पुस्तकासारख्या बांधलेल्या जाड पाकिटांत एकत्र मिळत, त्यावरूनच 'आल्बम' हा शब्द आला. कन्या आजही तो वापरते, पण तिच्या आल्बमला ना पुठ्ठा, ना वजन.

नानांनी चाळीस तबकड्यांवरून बोट फिरवले आणि शेवटची, एकेचाळिसावी काढली. उजेडात धरली. बाकीच्या काळ्या कुळकुळीत आणि ही मात्र करडी. पोलादी सुईने रेघा झिजल्या की तबकडी अशी करडी पडते. "हे तुह्या आजानं घासली," नाना म्हणाले.

ती 'शीळ' होती. कवी ना. घ. देशपांडे, गाणारे जी. एन. जोशी. १९३०च्या दशकाच्या आरंभी निघालेली ही तबकडी. मराठी भावगीताच्या पहिल्या तबकड्यांत तिचे नाव घेतात. मी ती वर्गात शिकवतो. पण आमच्या घरी ती होती हे मला ठाऊक नव्हते. आणि ना. घ. तर आमच्या शेजारचे. जन्म १९०९ सालचा, याच जिल्ह्यात. उभा जन्म मेहकरला वकिली करण्यात गेला. मुंबई-पुण्याला न जाता त्यांनी कविता लिहिली आणि १९८६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना 'खूणगाठी'साठी मिळाला. मेहकर म्हणजे आमचे जुने तालुक्याचे गाव, आजोबांच्या तारखा तिथल्याच कोर्टात. कोर्टातून हरून आले काय नि जिंकून आले काय, संध्याकाळी हीच तबकडी लावीत, असे नाना म्हणाले.

मी चावी दिली. सुई बसवली. खरखर झाली, एवढी की शीळ कोठली नि खरखर कोठली कळेना. मग त्या खरखरीच्या पलीकडून एक तरुण आवाज आला. काकू दारातून आत येऊन बसली. साडेतीन मिनिटे कुणी हलले नाही. सुई मध्याला जाऊन टिकटिक करू लागली तरी नानांनी ती उचलली नाही.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "भाऊ फोनोले तेल देत होता?"

"दर दसऱ्याला."

नानांनी मान हलवली. "येखांद्या सालीं दसऱ्याले मीच गेलो असतो तं?"

याला मी काय उत्तर देणार? दसरा आणि दिवाळी यांत वीस दिवसांचे अंतर असते. एक भाऊ यंत्राला तेल देत होता, दुसरा तबकड्या पुसत होता, आणि चाळीस वर्षे दोघांनाही वाटत होते, की पहिले पाऊल दुसऱ्याने टाकावे.

रात्री अकरापर्यंत आम्ही वाजवीत होतो. निघताना नाना म्हणाले, "निवड आता दहा." मी निवडल्या नाहीत. फोनो तिथेच ठेवून आलो. ट्रंक आणि पेटी नव्या घरात एका खोलीत राहतील, असे चुलतभावाकडून कबूल करून घेतले आहे. यंदाच्या दिवाळीला आम्ही सगळे सुलतानपूरला जाणार आहोत. कन्याही येणार आहे, कानांतली बोंडे घरी ठेवून.

संपादकांनी यादी मोजली तर वर नऊच भरतील. दहावी 'शीळ'. पण ती सर्वश्रेष्ठ आहे का, असे मला विचारू नये. खरखर फार आहे.